गळक्या नळाचं वायसर बदलणे : नवशिक्यांसाठी सोपी कृती

वेळ : दहा मिनिटं. (आमच्याकडे एक आख्खा रविवार आणि सोमवारची अर्धी रजा.)
खर्च : वायसरचे पाच रुपये. (बाकीचा हिशेब ओघात येईल.)
पूर्वानुभव : नसलेला बरा. असला तर तुम्ही या फंदात पडणार नाही.

हात घालण्याआधी आपला नळ कोणत्या जातीचा आहे ते पाहून घ्यावं. मूठ दोन-तीन वेढे फिरवल्यावर पाणी बंद होत असेल तर तो जुन्या घराण्यातला, वायसरवाला नळ. ही कृती त्याच्यासाठी आहे. मूठ पाव वेढा फिरवून काम होत असेल तर आत वायसर नाहीच. सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि बिघडल्या की आतलं कार्ट्रिज आख्खं बदलतात. अशा घरातल्या वाचकांनी पान उलटावं.

आता थोडा सिद्धांत. मूठ फिरवली की आतलं स्पिंडल आट्यांवरून खाली उतरतं आणि त्याच्या टोकाची रबरी चकती पितळी बैठकीवरचं भोक दाबून धरते. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कंपनीने असा आट्यांचा नळ 1845 साली आणला. तेव्हापासून नळाची मूळ रचना बदललेली नाही आणि नळ बंद करणाऱ्यांचा स्वभावही. थेंब पडू लागला की माणूस मूठ जरा जास्त आवळतो. जास्त आवळली की रबरावर बैठकीची कडा उमटते, चर पडतो, थेंब वाढतात. मग माणूस आणखी आवळतो. आमच्याकडे एक वेळ अशी आली की रात्री मी बंद केलेला नळ सकाळी फक्त मलाच उघडता येई, त्यामुळे घरातला पहिला चहा माझ्या उठण्यावर अवलंबून राहू लागला. आई मात्र तोच नळ दोन बोटांनी बंद करायची आणि तो गळायचा नाही. तिला तो नेमका कुठे थांबवायचा ते माहीत होतं. मी तिला पद्धत विचारली. "हळू बंद करायचा," ती म्हणाली. एवढ्यावर कोणत्या पुरुषाचं समाधान होणार?

पहिली पायरी अर्थातच दुर्लक्ष करण्याची. तिच्यासाठी सुतळीचा एक वीतभर तुकडा लागतो. तो नळाच्या तोंडाला बांधून खालचं टोक सिंकमध्ये सोडायचं. थेंब सुतळीवरून घरंगळत जातो, टप्प असा आवाज होत नाही आणि घर झोपतं. हा उपाय इतका गुणकारी आहे की त्यापायी आमचा नळ सहा महिने दुरुस्त झाला नाही. नवशिक्यांना माझा सल्ला असा की सुतळी बांधूच नये. आवाज हाच नळाचा एकमेव वकील आहे.

आमची सुतळी कुजून तुटली ती नेमकी पाणीकपातीच्या चर्चेच्या दिवसांत. मी घड्याळ लावून मोजलं, तर सेकंदाला एक थेंब. दिवसाचे सेकंद 86,400. खाली वीस लिटरची बादली लावली. ती दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या आसपास काठोकाठ भरली. त्या पाण्याने फरशी पुसून झाली, कुंड्यांना घालून झालं, तरी बादली आपली भरतेच. मग मनात विचार आला, पुण्यासाठी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं, चारही मिळून साधारण 29 टीएमसी पाणी अडवतात. ते पाणी शुद्ध होऊन, पंपाने चढून, गच्चीवरच्या टाकीतून खाली येऊन आमच्या ओट्याशी थांबतं, आणि त्याला तिथे थांबवून ठेवणारं शेवटचं धरण म्हणजे ही एकोणीस मिलिमीटरची रबरी चकती. धरण फुटलेलं असताना मी सुतळ्या बांधत होतो.

साहित्य

घरात एक डबा असतोच. आमचा श्रीखंडाचा आहे. त्यात खिळेमोळे, टीव्हीच्या जुन्या वायरी, कशाच्या आहेत ते कुणालाच सांगता न येणाऱ्या तीन किल्ल्या, एक वाकडा पेचकस आणि वडिलांच्या काळचा पाना असतो. पाना जाम झालेला असतो. त्याला तेल घालून ठेवावं आणि बाजारात जाऊन नवा आणावा. (साडेचारशे रुपये.)

वायसर आणायला जाताना जुनं वायसर नमुना म्हणून सोबत न्यावं, हे प्रत्येक जाणकार सांगतो. जुनं वायसर नळाच्या आत असतं आणि नळ उघडल्याशिवाय ते निघत नाही, हे कुणी सांगत नाही. मी नमुन्याशिवाय गेलो.

"कसलं पाहिजे?" दुकानदार.

"नळाचं."

"अर्ध्या इंची का पाऊण?"

मी घरून मोजून गेलो होतो. बायकोच्या शिवणाच्या टेपने नळाच्या मागचे आटे मोजले तर पाऊण इंचाहून थोडे जास्तच भरले. तसं अभिमानाने सांगितलं. तो हसला आणि अर्ध्या इंचीचं पाकीट काढलं. या धंद्यात अर्धा इंच म्हणजे जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचं माप. त्याचे आटे बाहेरून मोजले तर जवळपास 21 मिलिमीटर येतात. थोडक्यात, अर्ध्या इंची नळावर अर्धा इंच कुठेही नसतो. प्लंबर तर इंचसुद्धा म्हणत नाहीत, 'चार सूत' म्हणतात. आठ सुतांचा इंच. तेव्हा दुकानात गेल्यावर मापं सांगू नयेत. "साधा स्वयंपाकघरातला नळ" एवढंच म्हणावं आणि तीन वायसरं घ्यावीत. एक बसवायला, एक सिंकच्या भोकातून घालवायला आणि एक श्रीखंडाच्या डब्यात पुढच्या पिढीसाठी.

वडिलांच्या वेळी हा प्रश्न नव्हता. ते सायकलच्या जुन्या ट्यूबवर चार आण्याचं नाणं ठेवून पेन्सिलने गोल काढत आणि आईच्या कात्रीने कापत. कात्री बोथट होई, त्यावरून संध्याकाळी बोलणी होत; पण वायसर तंतोतंत बसे, कारण चार आण्याच्या नाण्याचा व्यास 19 मिलिमीटरच होता. 2011 च्या जूनअखेर ते नाणं चलनातून गेलं. त्याने बाजारात काही मिळेनासं होऊन जमाना झाला होता, त्यामुळे कुणी हळहळलं नाही. घरोघरचं वायसराचं माप त्याच्यासोबत गेलं, याची नोंद मात्र मी कुठे वाचलेली नाही.

टेफ्लॉन टेपही घ्यावी. या कामात तिची गरज नाही; ती लागते आख्खा नळ भिंतीतून काढला तर. पूर्वी तिथे धागा गुंडाळून सफेदा फासत. टेप घ्यायची ती धीर यावा म्हणून. ती ज्या पदार्थाची असते तो 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला फ्रिजचा वायू शोधताना चुकून सापडला. भलत्याच कामाला निघून भलतंच काही हाती लागणं या धंद्यात पहिल्यापासून आहे, एवढ्यासाठी हे लक्षात ठेवायचं.

पाणी बंद करणे

सगळ्या पुस्तकांत हे एका ओळीत उरकलेलं असतं : 'प्रथम पाणी बंद करा.' जणू दिवा मालवायचाय. अहो, वायसर बदलणं हे काम नव्हेच. पाणी बंद करणं हेच काम. वायसर त्याचं उद्यापन.

नव्या इमारतींत घराच्या आतच मेन कॉक असतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी बिल्डरचे एकदा तरी आभार मानावेत. आमची सोसायटी चार मजल्यांची, बारा घरांची आणि जुनी. सगळे कॉक गच्चीवर, टाकीच्या पायथ्याशी, एका ओळीत. बारा पाइप, बारा लोखंडी चाकं आणि प्रत्येक पाइपावर कोणे एके काळी तैलरंगाने घातलेला घराचा नंबर. रविवारी सकाळी साडेदहाला मी वर गेलो. पाइप बारा होते, पण रंग टिकलेले आकडे पाचच. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, नंबर 9. तो स्पष्ट दिसत होता. मी चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं, फिरेना, नवा पाना चाकाच्या आऱ्यांत अडकवून फिरवलं, फिरलं. घट्ट बंद केलं. पहिल्याच झटक्यात एवढं साधल्यामुळे मी उतरताना जिन्यात थोडं गुणगुणलोही.

इथे एक पायरी आहे ती मी गाळली. तुम्ही गाळू नका. गच्चीवरून आल्यावर नळ उघडून पाणी थांबलंय का ते बघायचं. थोडं पाणी येणारच, पाइपात उरलेलं असतं. पण धार बारीक होत जाऊन थांबली पाहिजे. मी नळ उघडला, धार आली, 'पाइपातलं असेल' म्हणून बंद केला. माणसाला हवं ते अनुमान काढायला एक धार पुरते.

पुढची कृती सोपी. सिंकच्या जाळीवर फडकं अंथरावं, म्हणजे बारीक स्क्रू गटारात जाणार नाही. (माझा गेला. फडकं त्यानंतर अंथरलं.) मुठीवरची टोपी नखाने उचकटून खालचा स्क्रू काढावा, मूठ वर ओढावी. आता एक षटकोनी पितळी भाग दिसतो. त्यावर चिंधी गुंडाळून मगच पाना लावावा, नाही तर चकाकीवर ओरखडे येतात आणि ते पुढची दहा वर्षं दर पाहुण्याला दिसतात. पाना काट्यांच्या उलट फिरवावा. दोन वेढ्यांत भाग सैल होतो, उरलेला हाताने निघतो.

माझ्या हाताने निघाला तेव्हा पाणी त्याच्या आधी निघालं.

इथे थोडं पदार्थविज्ञान. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढतो. टाकी आमच्या ओट्यापासून सातेक मीटर वर. म्हणजे पाऊण किलोच्या आतलाच दाब, ऐकायला क्षुल्लक. पण पाणी आपल्या टाकीच्या पातळीपर्यंत चढायला बघतं आणि स्वयंपाकघराचं छत त्याच्या बरंच आधी येतं. पहिल्या पाच सेकंदांत छत, ट्यूबलाइट आणि सुकत घातलेल्या कुरडया ओल्या झाल्या. मी अंगठा घातला. अंगठ्याने पाणी थांबत नाही, फक्त दिशा बदलतं. ते आता गॅसच्या शेगडीकडे जाऊ लागलं. बायकोने शेगडीचा कॉक बंद केला, फ्रिजची वायर ओढली आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा परिस्थिती खरोखर गंभीर असते.

आई बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसली होती. ती आली, माझा हात बाजूला केला आणि हातातलं गाजर नळाच्या उघड्या अंगात, टोक खाली करून, सरळ बैठकीच्या भोकात खोचलं. वरून एक दणका दिला, बत्त्याने. पाणी थांबलं.

नवशिक्यांनी हे गाजर नीट पाहावं. टोकाला निमुळतं, वर जाड; भोकात शिरतं तेवढं शिरतं आणि पुढे स्वतःलाच दाबून धरतं. रबर जे करतं तेच, फक्त उलट्या घाटाचं. वरची हिरवी देठं नळातून बाहेर डोलत होती. आमच्या स्वयंपाकघरातली ती सर्वात भरवशाची जोडणी होती आणि आजही मी साहित्यात पहिल्या क्रमांकावर गाजरच घालीन. लाल, कडक, ताजं. काकडी चालत नाही. ते मी संध्याकाळी करून पाहिलं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दुसऱ्या मजल्यावरचे काका, कमरेला पंचा, अंगाला साबण. त्यांचं घर 6 नंबरचं.

"पाणी तुम्ही बंद केलंत का हो?"

"आमचं केलं, काका. नऊचं."

"मग आमचं का गेलं?"

आम्ही दोघं वर गेलो. ते टाकीच्या त्या बाजूला उभे राहिले, मी या बाजूला. पाइप आडवा. माझ्या बाजूने 9, त्यांच्या बाजूने 6. ज्याने कुणी रंगवलं त्याने इंग्रजी आकडे घातले होते. खरा नऊ शेवटून दुसरा निघाला, त्यावरचा रंग केव्हाच उडालेला. काकांचं पाणी आधी सोडलं. ते खाली जाताना म्हणाले, "तुमचे वडील असं विचारून करायचे हो." साबण वाळू लागलेल्या माणसाशी वाद घालू नये.

मग आमचा खरा कॉक. त्याचं चाक फार सुरेख फिरत होतं, फिरतच होतं. हा गेट व्हॉल्व्ह. चाकाखाली दांडा आणि दांड्याला एक पितळी झडप, ती खाली उतरून पाणी अडवते. वर्षानुवर्षं कुणी हलवलं नाही तर बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातले क्षार तिच्याभोवती बसतात, ती जागीच चिकटते आणि जोर केला तर दांडा तिच्यातून सुटून एकटाच फिरतो. माझ्या हातात आता पाणी नसलेला नळ नव्हता आणि बंद होणारा कॉकही नव्हता. गाजर होतं.

उरला एकच मार्ग, टाकीचाच मोठा कॉक बंद करायचा. म्हणजे बारा घरांचं पाणी. म्हणजे सेक्रेटरी. सेक्रेटरींना भेटायची वेळ संध्याकाळी सातची, त्यांचं म्हणणं सूचना किमान बारा तास आधी लागली पाहिजे, आणि सूचना त्यांनी स्वतः लिहिली : 'फ्लॅट नं. 9 यांच्या खाजगी कामानिमित्त सोमवार सकाळी 11 ते 11.30 पाणी बंद राहील.' ती फळ्यावर लागली. खाजगी काम या शब्दांवर तळमजल्यावर रात्री बरीच चर्चा झाल्याचं कानावर आलं.

गाजर रात्री साडेअकराला मऊ पडून पाझरू लागलं. बदललं. पहाटे पुन्हा एकदा. देठं काढून टाकू नयेत, ओढून काढायला तीच कामी येतात.

प्रत्यक्ष वायसर बदलणे

सोमवारी अकराला पाणी बंद झालं. मी नळ उघडून थांबलो, धार बारीक झाली, थेंब झाले, थेंबही थांबले. गाजर ओढलं. स्पिंडलच्या टोकाचं जुनं वायसर काढलं. दगडासारखं झालेलं, मधोमध गोल खोल चर. बैठकीवरून बोट फिरवलं. ती गुळगुळीत लागली पाहिजे; खाचा लागल्या तर वायसर कितीही बदला, महिन्याभरात पुन्हा थेंब. आमची गुळगुळीत होती, दोन दिवस गाजराने पॉलिश झाल्यामुळे असेल. नवं वायसर लावलं, पितळी भाग हाताने, मग पान्याने आवळला, मूठ बसवली. गटारात गेलेल्या स्क्रूच्या जागी श्रीखंडाच्या डब्यातला एक बसला, आणि त्या डब्याबद्दल घरात पूर्वी झालेली सर्व बोलणी मी मनातल्या मनात परतवली. सात मिनिटं लागली.

पाणी बंद आहे तोवर गच्चीवरचा कॉकही बदलून घ्यावा म्हणून प्लंबरला बोलावलं होतं. नवा कॉक साडेसहाशे, त्याची मजुरी तीनशे. त्याने येऊन माझा नळ एकदा उघडला, एकदा बंद केला, दोन बोटांनी. "कुणी केलं?" म्हणाला. मी केलं म्हटलं. "वायसर बरोबर आहे. पण एवढा आवळू नका, लगेच जातं." आई आतून फक्त हसली.

पाणी सोडल्यावर पहिली दोन मिनिटं बाराही घरांतले नळ खाकरतात, थुंकतात, तांबूस पाणी टाकतात. पाइपात शिरलेली हवा आणि टाकीतला गाळ. सगळ्या मजल्यांवरून एकदम नऊ नंबरचं नाव निघतं. त्या वेळात घरी राहू नये, ऑफिसला जावं.

एवढं वाचून ज्यांना आज नळ उघडायची खुमखुमी आली असेल त्यांनी तो उघडू नये. आधी गच्चीवर जाऊन आपला कॉक शोधावा, पूर्ण बंद करून पूर्ण उघडावा, खाली येऊन पाणी खरंच थांबलं होतं का ते घरच्यांना विचारावं. दसऱ्याला पाना-पक्कड पुजता तेव्हा एकदा आणि पाडव्याला एकदा, असं वर्षातून दोनदा केलं तर झडप चिकटत नाही. आणि पाइपावर रंगाने घराचा नंबर घाला. आकड्यात नको, अक्षरांत लिहा : नऊ.